कागद झाल्याशिवाय चाक हलायचं नाही

नळदुर्ग
रविवार, २५ जानेवारी

प्रिय उमा,

तुझे नऊ फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. तब्येत ठणठणीत आहे, फोनही बिघडलेला नाही. कोनाड्यात ठेवला न् वाजू दिला. फोनवर तू हसतोस, उमा. समोरचं माणूस काही खरं बोलायला लागलं की तुझं 'हॅ, सोड की गं अक्का' सुरू होतं, आणि मग पुढचं सगळं बोलणं तुझंच. पत्राच्या मधे तोंड घालता येत नाही, म्हणून इतक्या वर्षांनी वहीचे कागद फाडून बसले आहे. तुझे दाजी समोर कुणाचा तरी जुना ट्रान्झिस्टर उघडून बसलेत. त्यांना हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळं लिहिताना मी तुला तोंडानं जे काही म्हणते आहे ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे बरंच आहे. पत्र पुरं वाच. अर्ध्यात दीपमालाच्या हातात देऊन 'बघ तुझ्या नणंदेनं काय लिहिलंय' असलं काही करू नकोस. हे तुझ्या एकट्यासाठी आहे.

तुला हवी ती बातमी आधी देते. हिरवी माझ्या दारात उभी आहे आणि सुखरूप आहे. पौषातली यात्रा झाली, खंडोबा अणदूरला परत गेला, पण दरसाल त्याच्या मागनं जाणारी हिरवी गेली नाही. देव आला, गाडी कुठं हाय, म्हणून सगळं अणदूर तुला विचारत असणार. त्यातून तू तुझ्या पोराच्या, रुद्रेशच्या लग्नाच्या पत्रिकेवर देवाच्या फोटोखाली हिरवीचा फोटो छापलास आणि ठळक अक्षरांत लिहिलंस, 'वरात आजोबांच्या ब्यूकमधून निघेल.' पत्रिका वाटून झाल्या. लग्न पंधरा दिवसांवर आलं. गाडी आली का म्हणून व्याह्यांचा फोन येत असेल. येऊ दे.

मंगळवारी तू ड्रायव्हर पाठवलास. पांढऱ्या कपड्यांतला, मिशा वळवलेला. 'मालकानं गाडी आणाय सांगितलीया,' म्हणाला. मी म्हटलं, नेता येत असंल तर न्या की, आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मग ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले. त्यानं किल्ली फिरवली आणि सेल्फचं बटण शोधायला लागला. डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, सीटखाली हात घातला, बॉनेट उघडून त्या आठ सिलिंडरच्या लांबलचक इंजिनाकडं बघत उभा राहिला. तासभर झाला, घामाघूम झाला. शेवटी त्यानं तुला फोन लावला, मालक, ही चालू कशी करायची? आणि तुला सांगता आलं नाही! अरे, वर्षातले सव्वादहा महिने ती तुझ्या दारात असते. तुझा जुना ड्रायव्हर अमरनाथ वारल्यापासून तू तिला ढकलून शेडमधून काढतोस, पुसतोस, फोटो काढतोस आणि ढकलून परत आत घालतोस, हे मला ठाऊक आहे. ब्यूकला सेल्फचं बटण नसतंच, उमा. किल्ली फिरवायची आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, की ती उठते. अप्पांनी हे आपल्याला दोघांनाही शिकवलं होतं. त्या बिचाऱ्याला मी चहा पाजला, शेंगा बांधून दिल्या आणि मोकळ्या हातानं एसटीत बसवून दिलं. तो गेल्यावर आणखी एक जण येऊन गेला. त्याचं शेवटी सांगते.

ती पहिल्यांदा दारात आली तो दिवस तुला आठवायचा नाही, तू चार वर्षांचा होतास. मी सहाची. अप्पा आडतीच्या कामाला म्हणून हैदराबादला गेले आणि येताना एका जुन्या जहागीरदाराच्या घरातली ही गाडी घेऊन आले. एक्कावन्न सालची, गर्द हिरवी, पुढं दात विचकल्यासारखी चकचकीत जाळी, आणि पुढच्या सीटवर तीन माणसं ऐसपैस बसतील एवढी रुंद. अव्वा तुला कडेवर घेऊन बाहेर आली, भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि म्हणाली, 'सवत आणली ती आणली, माझ्यापरीस देखणी आणली.' अप्पा एवढे लाजलेले मी परत कधी बघितले नाहीत. गावात तिला ब्यूक कुणीच म्हटलं नाही. ती हिरवीच झाली.

आणि तिचा रेडिओ! संध्याकाळी आडत बंद करून आले की अप्पा हातपाय धुऊन, विभूती लावून हिरवीत जाऊन बसायचे. कुठं जायचं नसायचं. रेडिओ तापायला मिनिटभर लागायचा. आधी पिवळा दिवा, मग घुंऽऽ असा आवाज, आणि मग कुठून तरी लांबून सूर यायचा. कधी हैदराबाद, कधी सिलोन. धारवाड लागलं आणि त्यावर कन्नडमधली वचनं सुरू झाली की अव्वा पिठाच्या हातानं येऊन मागच्या सीटवर बसायची, चुलीवर भाकरी करपली तरी उठायची नाही. अंगणातल्या अंगणात आपण चौघं किती फिरून आलो असू! अप्पांचा गाडीतला नियम मात्र एकच होता आणि तो कडक होता. चालवणाऱ्यानं रेडिओला हात लावायचा न्हाय. चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा, बाजूच्यानं सूर शोधायचा. तुला हे वाक्य पाठ होतं. तू बोबडं बोलायचास तेव्हा पाहुण्यांपुढं म्हणून दाखवायचास.

सोळाव्या वर्षी अप्पांनी मला चिवरीच्या रस्त्यावर चालवायला शिकवलं. गावात बोंब झाली, शिवलिंगप्पाची पोरगी मोटार हाकती म्हणून. अप्पा म्हणाले, हाकू द्या. म्हाळसा आपल्यातलीच, वाण्याची लेक, ती देवाबरोबर घोड्यावर बसली तवा कोण बोललं का? ते बाजूला बसून रेडिओचं बटण फिरवायचे आणि मी समोर बघून चालवायची. गिअर स्टिअरिंगलाच. पहिला टाकताना ती कुरकुरायची, एकदा दुसऱ्यात गेली की लोण्यातून चालल्यागत चालायची. मी तशी अभ्यासात बेताची, दिसायला बेताची, पण त्या सीटवर बसले की मला माझा अभिमान वाटायचा. तुलाही शिकवायला घेतलं होतं. तुझा पाय क्लचवर लटलट कापायचा आणि हिरवी बेडकासारख्या उड्या मारायची. अप्पा हसले, तू चिडून उतरलास आणि दोन दिवस जेवला नाहीस. पुढं माझ्या विसाव्या वर्षी, दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर, अप्पा चार लोकांत म्हणाले, 'हिरवी चन्नूची. तिच्या लग्नात तिच्याबरोबर जाणार.' तू तिथंच होतास, जिलबी खात.

आता पुलावर येते. एकोणनव्वदचा फेब्रुवारी. तुझी बारावी दुसऱ्यांदा. अप्पांनी मला नळदुर्गला मावशीकडं हुरडा पोचवायला धाडलं आणि तुला सोबतीला दिलं. परतताना बोरी नदीच्या पुलाच्या अलीकडं तू हट्टाला पेटलास. दे की अक्का, एकदाच, इथं कोण बघतंय. मी दिली. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. पुलावर चढलो आणि तुला क्रिकेटची कॉमेंट्री पाहिजे झाली. मी बाजूला बसलेली होते, मला सांगायचं. पण तुला लगेच पाहिजे. तू रेडिओला हात घातलास, डोळेही तिकडंच नेलेस, आणि हिरवीचं नाक कठड्यावर गेलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त रेडिओ बोलता बोलता गप्प झाला.

रानातली माणसं पळत येत होती. तू गाडीतल्या गाडीत वाकून माझे पाय धरलेस. आठवतंय का विसरलास? 'अक्का, तू होतीस म्हणून सांग. तुला अप्पा काय म्हणणार न्हायत, मला जित्ता सोडणार न्हायत. परीक्षा होऊ दे, मग मीच सांगतो. अव्वाची शप्पथ.' तुझं नाक गळत होतं. मला तू तेव्हा चार वर्षांचाच दिसलास. तू इकडं सरकलास, मी तिकडं सरकले. किती वेळ लागला असेल, चार सेकंद? त्याचं फळ मी अजून भोगते आहे.

अप्पा ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, रस्त्याकडं बघत होतीस का रेडिओकडं? मी म्हटलं, रेडिओकडं. त्यांनी हात पुढं केला, किल्ली घेतली आणि देवघरात विभूतीच्या डब्यात ठेवली. अप्पा असेपर्यंत मला ती परत मिळाली नाही. नाक ठोकून सरळ करून आणलं, पण रेडिओ दुरुस्त केला नाही. 'ऱ्हाऊ दे तसाच. ध्यानात राहील.' संध्याकाळी मात्र नेमानं हिरवीत जाऊन बसायचे, तसेच, काही न ऐकता. मी जाऊन बाजूला बसले की उठून घरात यायचे. लग्न होईपर्यंत हेच, आणि पुढं माहेरपणाला आले तरी हेच. तुझी परीक्षा झाली, मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणालास, निकाल लागू दे. निकाल लागला, पास झालास, अव्वानं गावभर पेढे वाटले. म्हणालास, ॲडमिशन होऊ दे. मग म्हणालास, आता कशाला जुनं उकरायचं. मग तू विसरून गेलास. विसरला नाहीस रे, विसरल्यासारखं केलंस, आणि ते तुला छान जमलं.

उमरग्याच्या इंजिनिअरचं स्थळ आलं होतं, तेही 'मोटारी धडकवणारी पोरगी नको' म्हणून माघारी गेलं. त्याचं मला दुःख नाही, खोटं कशाला सांगू. त्यामुळंच नळदुर्गचा रेडिओ दुरुस्त करणारा सोमलिंग माझ्या पदरात पडला आणि तो त्या इंजिनिअरपेक्षा दहापट चांगला माणूस निघाला. एवढा एक तुझा उपकार, तो मानते. पण माझ्या लग्नात माझी हिरवी भाड्याचा ड्रायव्हर चालवत होता आणि मी बाशिंग बांधून मागं बसले होते. तो गिअर टाकताना करकर वाजवायचा आणि मी मागं दात आवळायची. सासरचे म्हणाले, पोरगी माहेराच्या आठवणीनं कासावीस झालीया.

शहाण्णव साली अप्पा गेले. त्याआधी सहा दिवस वकिलाला बोलावून त्यांनी सगळं लिहून ठेवलं. शेत, आडत, घर तुला, दागिने मला, त्यात माझी काही तक्रार नाही. मग हिरवीपाशी येऊन थांबले. म्हणाले, अणदूर-नळदुर्गात देव एकच हाय. सव्वादहा महिने इकडं, पावणेदोन महिने तिकडं. दरसाल दोन्हीकडचे मानकरी कागद करतात, कवा जायचं, कवा यायचं, सह्या होतात, मग देव निघतो. तसंच हिरवीचं. सव्वादहा उमाकडं, पावणेदोन चन्नूकडं. कागद झाल्याशिवाय चाक हलायचं न्हाय. कागद न्हाय झाला तर गाडी असंल तिथंच ऱ्हाईल, दोघांच्या सह्या होईस्तोवर. सगळी हिरवी जिची होती तिला पावणेदोन महिने मिळाले. त्यावरही मी बोलले नसते. पण अप्पांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि म्हणाले, 'वाईट वाटून घेऊ नगंस पोरी. तुझ्या हातावर माझा भरोसा ऱ्हायला न्हाय.' तू त्यांचे पाय चेपत बसला होतास. मी तुझ्याकडं बघितलं. तू मान वर केली नाहीस, पाय चेपत राहिलास. एक वाक्य पुरलं असतं, उमा. अप्पांना सहा दिवस होते, त्यांनी मला जवळ बसवून घेतलं असतं. मरायला टेकलेल्या माणसापुढं मी माझी कैफियत मांडायची होती का? ते तुझं काम होतं. तेवढ्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, हे आज स्वच्छ लिहिते.

पहिल्या वर्षी हिरवी माझ्या दारात आली तेव्हा मी सात वर्षांनी तो ॲक्सिलरेटर दाबला. ती पहिल्या दाबात उठली. मी जळकोटपर्यंत रडत गेले आणि रडतच आले, आणि रस्ता मात्र नीट बघत होते. पुढच्या आठ दिवसांत दाजींनी रेडिओ सबंध उतरवला, दोन तारा जोडल्या, एक काचेचा वॉल्व्ह कुठून तरी मिळवून बदलला, आणि पिवळा दिवा लागला. आता एक कबुली देते. तुला वाटतं हिरवीचा रेडिओ पुलावरच मेला. तो एकोणतीस वर्षं चालू आहे. दरसाल गाडी तुझ्याकडं आणायच्या आदल्या दिवशी मी त्यातला एक वॉल्व्ह काढते, अंगठ्याएवढा आहे, कापसात गुंडाळते आणि मंगळसूत्राच्या डबीत ठेवते. तू किती मेकॅनिक आणलेस रे! सोलापूरचे आणलेस, पुण्याचा आणलास, सगळ्यांनी सांगितलं, एक वॉल्व्ह न्हाय आणि तो आता मिळत न्हाय. तू तेरा लोकांना सांगितलंस की अक्कानं धडकवली तेव्हाच तो उडाला. मी तुझ्याच ओसरीवर बसून भजी खात ते ऐकलं आहे. मग तू मागच्या काचेपाशी निळे दिवे लुकलुकणारा तो ब्लूटूथचा भोंगा बसवलास. माझ्याकडं आली की मी आधी तो माळ्यावर टाकते. पावणेदोन महिने दाजी बाजूला बसून सूर शोधतात. कान गेले, पण पेटीला बोट लावलं की थरथरीवरून कळतं म्हणतात. कधी कन्नड लागतं, कधी तेलुगू, बरीचशी खरखर. आम्हाला चालतं. टाकी मात्र दरवर्षी गच्च भरून दिली आहे, टाकी भरून द्यायची हा अप्पांचा शब्द होता म्हणून.

तू विचारशील, एवढी वर्षं गप्प होतीस, आताच काय अंगात आलं? सांगते. दिवाळीनंतर रुद्रेशचा साखरपुडा झाला, तुळजापूरच्या त्या मंगल कार्यालयात. ऑर्केस्ट्रावाल्याच्या हातातला माईक तू घेतलास. नवे व्याही, त्यांचे पाहुणे, माझ्या सासरचे, चारशे माणसं. आणि तू म्हणालास, 'ही आमची अक्का! बोरीचा पूल घट्ट हाय का बघाय हिनं गाडी घातली हुती! बाईमाणसाच्या हातात मोटार दिल्यावर दुसरं काय व्हायचं?' लोक हसले. ढोलकीवाल्यानं वर एक थाप मारली. मीही हसले, न हसून कुठं जाते? परत येताना माझ्या लेकीच्या, शिवप्रियाच्या निकितानं मला विचारलं, आजी, तू खरंच पुलाला गाडी मारलीस? नऊ वर्षांची आहे माझी नात. गेल्या हिवाळ्यात बाजूला बसून सूर शोधायचं काम मी तिला दिलं होतं, दाजींनी आपल्या हातानं शिकवलं होतं. या खेपेला हिरवी आली तेव्हा मी हाक मारली, तर म्हणाली, मी मागं बसते आजी, मला भीती वाटते. अप्पा उठून जायचे तसंच. त्या दिवशी मी ठरवलं की आता बास झालं. तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीचा अक्का सूड घेती. व्हय, सूडच घेते आहे. दुसरं गोड नाव देऊ नकोस त्याला.

आणि संधी देवानं तुझ्याच हातानं मला आधीच देऊन ठेवली होती. नोव्हेंबरात मी आणि दाजी हिरवी न्यायला आलो. लग्नाला अजून अवकाश होता, तरी तुझ्या अंगणात मांडववाल्याचे बांबू, कनाती, लोखंडी कमानी येऊन पडल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. मी पिशवीतून कागद काढला, दरसालसारखा, परत द्यायची तारीख लिहिलेला. तू बघितलासुद्धा नाहीस. 'आपण काय देवाचे मानकरी हाओत का अक्का? कसला कागद न् फिगद. घेऊन जा आधी, मला अंगण मोकळं पाहिजे.' दीपमाला तिथंच उभी होती, तिला विचार. मी बिनसहीचा कागद घडी करून पिशवीत घातला, ॲक्सिलरेटर दाबला आणि निघाले. गावच्या वेशीपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. दाजी विचारत होते, काय झालं, काय झालं? एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तू सही केली नाहीस, उमा. कागदाशिवाय चाक हललं ते तुझ्या सांगण्यावरून; आता अप्पांच्या शब्दानं हिरवी आहे तिथंच राहणार, दोघांच्या सह्या होईपर्यंत. वकिलाचा कागद माझ्याकडं आहे, तुझ्याकडंही आहे. वाचून बघ.

म्हणून आता मी नवा कागद केला आहे आणि तो याच पाकिटात आहे. लांबलचक नाही. 'एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत बोरीच्या पुलावर हिरवी मी चालवत होतो. रेडिओला हात मी लावला. अक्का बाजूला बसली होती.' खाली तुझी सही. वरात निघायच्या आधी त्याच तीन ओळी तू माईकवर वाचायच्यास, आणि ऑर्केस्ट्रा तोच बोलावलास असं ऐकते, तर ढोलकीवालाही तोच असू दे. एवढं केलंस की हिरवी येईल. मी चालवत आणीन, अणदूरच्या वेशीतून, लुगडं नेसून. नवरा-नवरी मागं बसतील, पुढं माझ्या बाजूला तू बसशील, आणि आपल्या दोघांच्या मधे निकिता. डबीतला वॉल्व्ह मी लावून आणते. सूर तू शोधायचास, ते बाजूच्याचं काम. आणि नाही केलीस सही, तर पत्रिकेवरच्या फोटोत बसव नवरदेवाला.

आता त्या दुसऱ्या पाहुण्याचं. शुक्रवारी रुद्रेश आला, मोटारसायकलवर, तू पाठवला नसताना. आत्या, पप्पा लई टेन्शनमधी हायत, गाडी दे की, म्हणाला. मी त्याला बाजूला बसवलं आणि जुन्या पुलावर नेलं. कठड्याला सिमेंटचं ठिगळ आहे अजून, ते दाखवलं आणि सगळं सांगितलं, तुझं नाक गळत होतं तेही. रेडिओवर कन्नडमधून कसले तरी बाजारभाव चालले होते. त्यानं विचारलं, आजोबांना पप्पांनी कधीच सांगितलं न्हाय? मी म्हटलं, नाही. त्यानं माझ्याकडून कागद मागून घेतला, दोनदा वाचला, आणि मी काही म्हणायच्या आत बॉनेटवर ठेवून साक्षीदाराच्या जागी सही केली. खालची ओळ बघ. अक्षर ओळखशील, पाटीवर हात धरून तूच गिरवून घेतलेलं आहे. तो म्हणाला, आत्या, पप्पांनी सही केली तर गाडीतून जातो, न्हाय केली तर मी चालत जातो. म्हणून हे पत्र पोस्टानं येत नाही. आज संध्याकाळी तोच येऊन घेऊन जाणार आहे, आणि मी त्याला सांगणार आहे, पप्पांचं वाचून होईस्तोवर समोरून हलू नकोस. म्हणजे आता या ओळीपर्यंत तू आलास तेव्हा तो तुझ्यापुढं उभा आहे. अप्पांच्या पायाशी मान वर केली नव्हतीस. आता कर, उमा. पेन त्याच्या खिशात आहे.

अजूनही तुझीच,
चन्नम्मा अक्का